हॉवेल फार्म की फॉस्टरफील्ड्स?

न्यू जर्सीत राहता, मुलांना ट्रॅक्टर येण्याआधीची शेती दाखवायची आहे, जमलं तर स्वतःही स्वयंसेवक म्हणून हात लावायचा आहे. मग मॉरिसटाउनचं फॉस्टरफील्ड्स बरं की होपवेलकडचं हॉवेल फार्म? एडिसनहून दोन्हीकडे जाऊन संध्याकाळपर्यंत आरामात परतता येतं, तेव्हा अंतरावर अडू नका. पार्सिपनीकरांना मात्र फॉस्टरफील्ड्स अगदी शेजारी.

दोन्ही शेतं खासगी होती आणि दोन्ही बायकांमुळे वाचली. फॉस्टरफील्ड्स १८८१ मध्ये चार्ल्स फॉस्टर यांनी घेतलं. मुलगी कॅरोलाइन तिथेच वाढली, १०२ वर्षं जगून १९७९ मध्ये वारली आणि शेत मॉरिस काउंटीच्या पार्क कमिशनकडे गेलं. हॉवेलची १२६ एकर जमीन आयनेझ हॉवेल यांनी १९७४ मध्ये नवऱ्याच्या स्मरणार्थ मर्सर काउंटीला दिली. लोकांनी, विशेषतः मुलांनी, जुनी कामं नुसती बघू नयेत, करून पाहावीत, हा त्यांचा आग्रह होता.

फरक इथेच पडतो. फॉस्टरफील्ड्समध्ये एक घराणं भेटतं: १८५४ चा ‘द विलोज’ बंगला, जर्सी गाई, स्वतः सुतारकाम करणाऱ्या कॅरोलाइनची फोर्ड मॉडेल टी. लोणी घुसळायला, कोंबड्यांना दाणे टाकायला मिळतं. तिकीट आहे आणि हिवाळ्यात फारसं काही नसतं. भारतातून आलेल्या आईबाबांना लोण्याचं कसलं नवल, पण बंगल्यात ते रमतील.

हॉवेलमध्ये काम भेटतं. १८९० ते १९१० चा काळ धरून घोडे आणि बैल खरोखरीच औताला जुंपतात, गहू-ओट-मका पिकवतात. कडाक्याच्या थंडीत तळं गोठलं की करवतीने बर्फाच्या लाद्या कापून बर्फघरात रचतात. पुढे मेपलचा रस आटवणं सुरू होतं. एरवी प्रवेशाला बहुधा पैसे पडत नाहीत, मक्याच्या भुलभुलैयाला पडतात.

दोन्हीकडे स्वयंसेवक असले तरी जमीन आणि पगारी माणसं काउंटीची आहेत, आणि ते चांगलंच आहे. धार रविवारीही काढावी लागते, हौशी माणूस दर रविवारी उगवेलच असं नाही.

एकदाच जाणार असाल तर फॉस्टरफील्ड्स. हात मळवायची तयारी असेल तर मी डोळे झाकून हॉवेल सांगेन, तेही शनिवारी, त्या दिवशीचं काम आधी बघून. मुलांना जुने बूट घाला.