थॉमस लिगॉटी वाचायला घेताय? मग पहिलं पुस्तक कोणतं?

अमेरिकी भयकथाकार थॉमस लिगॉटीच्या कथेत नेमकं काय घडलं हे बरेचदा शेवटपर्यंत उलगडत नाही. अस्वस्थता मात्र मागे राहते. भयकथेकडून उलगड्याची अपेक्षा असेल, तर चुकीच्या पुस्तकापासून सुरुवात केल्यावर हा लेखक कायमचा सुटतो. एवढ्या ताकदीच्या लेखकाचं असं व्हायला नको.

बहुतेकांच्या हाती आधी पडतो तो पेंग्विन क्लासिक्सचा २०१५ चा जाडजूड खंड. त्यात 'साँग्स ऑफ अ डेड ड्रीमर' आणि 'ग्रिमस्क्राइब' हे दोन्ही सुरुवातीचे संग्रह आहेत. पहिलीच कथा 'द फ्रॉलिक' सरळ आहे: तुरुंगात काम करणारा मानसशास्त्रज्ञ घरी बायकोशी एका कैद्याबद्दल बोलतोय आणि वर त्यांची मुलगी झोपलीय. उत्तम कथा, पण तिच्यावरून पुढचा अंदाज बांधू नका. नंतर भाषा दाट होत जाते, स्वप्न आणि बाहुल्यांचं राज्य सुरू होतं आणि नवखा वाचक तिथेच अडकतो.

'टिएट्रो ग्रॉटेस्को' (२००६) हा कथासंग्रह उलट आहे. वाक्यं लांब, पण शब्द साधे. तेच तेच शब्द फिरून येतात आणि त्या पुनरावृत्तीनेच जीव घुसमटतो. कारखाने, ओसाड गावं, न दिसणारे वरिष्ठ. 'द टाउन मॅनेजर'मध्ये गावाचा व्यवस्थापक नाहीसा होतो, नवा येतो आणि चुकीच्या स्पेलिंगची चिठ्ठी पाठवून गावातली ट्रॉली, म्हणजे ट्राम, नष्ट करायला सांगतो. गावकरी निमूटपणे ऐकतात. भीती चिठ्ठीची नाही, त्या निमूटपणाची आहे. याच संग्रहातल्या 'द रेड टॉवर'मध्ये तर संवाद नाहीत आणि घटना म्हणावी असंही फारसं काही नाही; एका पडक्या कारखान्याचं वर्णन आहे, बस. तरी ती माझ्या मते त्याची सर्वांत भीतीदायक कथा. फक्त ती पहिली वाचू नका.

कथानकाशिवाय चैन पडत नसेल तर 'माय वर्क इज नॉट येट डन' (२००२) घ्या. ऑफिसात सहकाऱ्यांनी कोंडीत पकडलेल्या फ्रँक डोमिनिओच्या सूडाची ही लघुकादंबरी भराभर वाचून होते. पण ती आवडली म्हणून बाकीचा लिगॉटी आवडेलच असं नाही. सूडाला दिशा असते. त्याच्या इतर कथांमध्ये ती शोधूनही सापडत नाही.

'द कॉन्स्पिरसी अगेन्स्ट द ह्यूमन रेस' (२०१०) ही कथा नव्हे, निराशावादी तत्त्वचिंतन आहे. 'ट्रू डिटेक्टिव्ह' या टीव्ही मालिकेतल्या रस्ट कोल या पोलीस तपासनीसाचे असेच निराशावादी संवाद ऐकून अनेकजण थेट इथे येतात. कथांआधी ते वाचलं तर कथा निव्वळ सिद्धान्ताची उदाहरणं वाटू लागतात, म्हणून ते शेवटी ठेवा. मन आधीच खचलेलं असेल तर सध्या हातातच घेऊ नका.

तेव्हा माझा कौल 'टिएट्रो ग्रॉटेस्को'ला. त्यातही आधी 'द टाउन मॅनेजर', मग 'द रेड टॉवर', आणि एका बैठकीत एकच कथा. लव्हक्राफ्ट या जुन्या अमेरिकी भयकथाकाराचे वाचक असाल तर मात्र पेंग्विनचा खंड घ्या आणि त्यातली 'द लास्ट फीस्ट ऑफ हार्लेक्विन' आधी काढा. विदूषकांचा अभ्यास करणारा एक मानववंशशास्त्रज्ञ एका गावातल्या हिवाळी उत्सवाला जातो, अशी ती गोष्ट. ती लव्हक्राफ्टच्याच स्मृतीला अर्पण केलेली आहे, त्यामुळे वाट ओळखीची वाटेल. तिथून 'ग्रिमस्क्राइब' पुरा करा, आणि 'साँग्स' त्यानंतर.