वाकड्या आणि पायरीच्या पात्यांचा फिलर गेज सेट: टॅपेटसाठी घ्यावा का?

फिलर गेज म्हणजे फट मोजायची ठराविक जाडीची पाती. टॅपेट लावणं म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, म्हणजे गॅप, नेमकी करणं. सेट आल्यावर आधी मायक्रोमीटर (जाडी मोजायचं साधन) काढला. माझी नोकरी टूलरूममध्ये गेज तपासण्यात गेली, त्यामुळे पात्यावर कोरलेला आकडा मी मोजल्याशिवाय खरा मानत नाही. गंज चढू नये म्हणून पात्यांना तेल लावून पाठवतात आणि तो थरही मापात येतो. म्हणून सगळी पाती धुऊन पुसली आणि एकेक करून मोजली. ०.२० चं बरोबर ०.२० (सगळी मापं मिलिमीटरमध्ये), ०.२५ चंही तसंच. ०.३० चं एक शतांश जाड भरलं, पण टॅपेटच्या कामात तेवढं खपून जातं. जाडीबद्दल माझी तक्रार नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशा बनावटीचे सेट बऱ्याच नावांनी मिळतात. बघायची ती बनावट.

सेटमध्ये दोन प्रकारची पाती आहेत. साधी पाती टोकाशी वाकवलेली आहेत. पायरीच्या पात्यांचं टोक पातळ आणि मागचा भाग जाड आहे. मी ज्या इंजिनवर ती वापरली ते चार सिलिंडरचं, आठ व्हॉल्व्हचं, पुशरॉडवालं, म्हणजे कॅम खालून लांब दांड्याने रॉकर हलवतो असं. हेड (सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) नुकतंच पुन्हा बांधलेलं. सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) कापून व्हॉल्व्ह घासले की व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसतो आणि स्टेमचं (व्हॉल्व्हच्या दांड्याचं) टोक रॉकरकडे वर येतं. त्यात हेड प्लेन करून (खालून घासून सपाट करून) घेतलं असेल तर हेड खाली बसतं, पुशरॉडची लांबी तीच राहते, आणि गॅप आणखी कमी होते. थोडक्यात, जुनं सेटिंग गेलेलं असतं आणि आठही टॅपेट पहिल्यापासून लावावे लागतात. या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये थंड असताना इनलेट (आत घेणारा) व्हॉल्व्ह ०.२० आणि एक्झॉस्ट (जळका वायू सोडणारा) ०.२५ दिलंय. एक्झॉस्ट जास्त तापतो, जास्त लांबतो, म्हणून त्याला जागा जास्त.

साध्या पात्याने टॅपेट लावताना ‘किंचित ओढ लागली पाहिजे’ असं सगळेच सांगतात. किंचित म्हणजे किती, ते ज्याच्या त्याच्या हातावर. पायरीच्या पात्याने हा वाद मिटतो. इनलेटसाठी जे पातं वापरलं त्याचं टोक ०.१८ आहे आणि पायरी ०.२३. टोक आत गेलं आणि पायरी अडली की गॅप या दोन्हींच्या मध्ये, विषय संपला. एक्झॉस्टचं पातं ०.२३ आणि ०.२८ चं. नवशिक्याने लावलं काय आणि जुन्या मेकॅनिकने लावलं काय, उत्तर एकच येतं. माझ्या मते सेटचे पैसे इथेच वसूल होतात.

लॉकनट (गॅप लावायचा स्क्रू जागेवर धरणारा नट) आवळताना तर याचा फारच उपयोग झाला. नट आवळला की सेटिंग स्क्रू त्याच्याबरोबर थोडा फिरतोच. स्क्रूचा पिच (एका फेऱ्यात सरकायचं अंतर) एक मिलिमीटर धरला तर नुसता १८ अंश फिरला तरी तो ०.०५ ने सरकतो. रॉकर रेशो (रॉकरची व्हॉल्व्हकडची बाजू पुशरॉडकडच्या बाजूच्या किती पट लांब) १.५ असेल तर व्हॉल्व्हच्या बाजूला तेच ०.०७५ होतं. म्हणजे ०.२० लावलेली गॅप नट आवळेपर्यंत ०.१३ च्या आसपास आलेली असते. एका हाताने स्क्रूड्रायव्हर धरून ठेवायचा, दुसऱ्याने रिंग पाना, आणि आवळल्यावर पातं पुन्हा घालून बघायचं. पायरीचं पातं असलं की हे बघणं क्षणात होतं, त्यामुळे कंटाळा करून टाळलं जात नाही.

वाकड्या टोकाचा फायदा इंजिन स्टँडवर असताना कळत नाही. गाडीत चढवल्यावर मागच्या सिलिंडरपाशी हात वळवायला जागा नसते, तेव्हा कळतो. सरळ पातं तिथे तिरकं शिरतं आणि कडेवर अडतं. आपल्याला वाटतं गॅप कमी आहे, मग आपण ती उगाच वाढवतो.

पेटीवर मात्र ‘घासलेल्या रॉकरसाठीही अचूक’ असं छापलंय, ते पटणारं नाही. रॉकरच्या तोंडावर स्टेमने खड्डा पाडला असेल तर रुंद पातं त्या खड्ड्यावरून पुलासारखं जातं. पातं ०.२० दाखवतं, पण खड्ड्याच्या तळापर्यंतची खरी गॅप त्याहून जास्त असते, आणि सगळं बरोबर लावूनही खटखट जात नाही. तिथे रॉकरचं तोंड घासून नीट करायचं किंवा डायल गेज (हालचाल काट्यावर दाखवणारं साधन) लावायचा. या सेटमधली पाती रुंदच आहेत, खड्ड्यात उतरण्याइतकं अरुंद एकही नाही.

बाकी खोडी किरकोळ आहेत. पाती धरणारा स्क्रू ढिला पडतो आणि हवं ते पातं काढताना शेजारची दोन बाहेर येतात. मी कामाची चार पाती सोडवून वेगळी ठेवली. थाऊचे (इंचाच्या हजाराव्या भागाचे) आकडे इतके बारीक आहेत की चष्मा लावूनही उजेड शोधावा लागतो. सगळ्यात पातळ पातं पहिल्याच दिवशी चुरगळलं. अर्थात ०.०४ ची पट्टी आणखी काय करणार म्हणा.

एक बरं आहे, कोणता व्हॉल्व्ह कधी लावायचा त्याची नऊच्या बेरजेची रीत सोबतच्या कागदावर दिलीय. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पहिला लावा, सहावा उघडला की तिसरा, बेरीज कायम नऊ. पण ही रीत चार सिलिंडरच्या इंजिनला आणि तीही व्हॉल्व्हची मांडणी दोन्ही टोकांकडून सारखी असेल तरच चालते. कागदावर तसं कुठेच म्हटलेलं नाही.

कॅमखाली बकेट (व्हॉल्व्हवरची टोपी) आणि शिम (गॅप ठरवणारी ठराविक जाडीची चकती) असलेलं इंजिन असेल तर पायरीच्या पात्यांचा उपयोग फक्त तपासण्यापुरता. शिम बदलायला नेमका आकडा लागतो: मोजलेली गॅप ०.३०, हवी ०.२०, जुना शिम २.५०, म्हणजे नवा २.६०. त्यासाठी साधी पाती जवळजवळच्या मापांत हवीत, आणि या सेटमध्ये ०.२० नंतर एकदम ०.२५ येतं. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने गॅप आपोआप भरून काढणाऱ्या) टॅपेटवाल्या इंजिनला तर गॅप लावायचीच नसते, त्यांनी हा सेट घेऊ नये.