अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागाराचा ‘यूएपी’ संग्रह: कायदा चांगला, कात्री मोठी

अनोळखी हवाई घटनांची (यूएपी) कागदपत्रे एका जागी आणण्याचे काम अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर २०२३ च्या संरक्षण कायद्यातून अभिलेखागाराकडे सोपवले. पाहायला पैसे लागत नाहीत, खातेही लागत नाही.

अभिलेखागाराच्या ऑनलाइन सूचीत शोधताना नुसते ‘यूएफओ’ टाकू नका, निकालांचा ढीग पडतो. आधी रेकॉर्ड ग्रुप (कागदपत्रांचा गट क्रमांक) ६१५ हा फिल्टर लावा. नवा संग्रह तिथे आहे. ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’, म्हणजे अमेरिकी हवाई दलाने केलेली जुनी यूएफओ चौकशी, मात्र ३४१ मध्ये. त्यातल्या १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनुत्तरित राहिल्या. जुन्या टंकलिखित पानांवरची अक्षरे यंत्राला नीट वाचता येत नाहीत, त्यामुळे शब्दशोध चुकतो. तारीख आणि ठिकाण धरून पाने स्वतः चाळलेली बरी.

खरी उणीव कायद्यातच आहे. सिनेटर चक शूमर आणि माइक राउंड्स यांच्या प्रस्तावात नऊ सदस्यांचे स्वतंत्र परीक्षण मंडळ होते. अंतिम मसुद्यात ते गळले. त्यामुळे कोणता कागद रोखायचा हे बहुतांशी ज्या खात्याचा तो कागद, तेच ठरवते. २५ वर्षांनी खुले करण्याची अट आहे, पण राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने राष्ट्राध्यक्ष ती लांबवू शकतात. एवढी मोकळीक द्यायला नको होती.

अशा घटनांची चौकशी करणाऱ्या पेंटागॉनच्या ‘आरो’ कार्यालयाकडे माहिती कळवण्याचा अर्ज या संग्रहाला पर्याय नाही. तो सरकारी कार्यक्रमांची थेट माहिती असलेल्या आजी-माजी कर्मचारी, सैनिक आणि कंत्राटदारांसाठीच आहे, आणि त्यात गोपनीय मजकूर लिहायचा नसतो.

संशोधकाला संग्रह उपयोगी; थरारक चित्रफितींसाठी येणाऱ्याची निराशा होईल.