डाग की लस?
रावेरकडे आमच्या गोठ्यातल्या म्हाताऱ्या बैलाच्या खांद्यावर डागाचा व्रण आहे. तिथे केस पुन्हा उगवलेच नाहीत. गुरं आजारी पडली की आजोबा विळा लाल करून डागायचे. पैसा लागत नसे, डॉक्टर तालुक्याला. पण बुळकांडी, म्हणजे गुरांचा जीवघेणा साथीचा रोग, ती विषाणूची. डागून ती जायची नाही, उलट जखमेत किडे पडायचे.

लस आधीच टोचावी लागते, थंड ठेवावी लागते, एवढीच तिची अडचण. उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत १९२० च्या दशकात शेळीत वाढवलेल्या विषाणूपासून बुळकांडीची लस झाली. २०११ मध्ये रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं. २०२२ ला लंपीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाची, मोठी साथ आली, तेव्हा गुरांना शेळ्यांच्या देवीचीच लस टोचली.

माझा कौल लसीला. जुन्यातली गुराख्याची नजर मात्र हवीच: गायीचं रवंथ थांबलं, हे आधी त्यालाच कळतं.