रामटेक, चिखलदरा की चौरागड? नागपुरातून डोंगरात धावायला जाणाऱ्यांसाठी

वर्षभर डांबरी रस्त्यावर धावून झालं की नागपूरकराला डोंगराची ओढ लागते, आणि तिथेच आपली पंचाईत होते. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर, चहूकडे सपाट. सेमिनरी हिल्सचा चढ रोजच्या सरावाला चांगला आहे, पण दम लागेपर्यंत तो संपतोही. उभी, दगडी पायवाट हवी असेल तर गावाबाहेर पडावंच लागतं, आणि मग तीन नावं पुढे येतात: रामटेक, चिखलदरा आणि पचमढीचा चौरागड. माझं मत आधीच सांगते. निवडताना देखावा आणि उंची यांच्याआधी उतार बघा. तो किती लांब आहे, कसल्या दगडाचा आहे आणि तुम्हाला तिथे किती वेळा जाता येईल, यावर सगळं ठरतं.

याचं कारण शरीरात आहे. चढताना छाती भरून येते, पण थांबलं की दोन मिनिटांत श्वास ताळ्यावर येतो. उतरताना मात्र मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजन आवरत असतो. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरतं. दिलासा एवढाच की असा ताण एकदा बेताने सोसला की पुढचे काही आठवडे तोच उतार कमी दुखवतो. म्हणजे वर्षातून एकदा मोठा डोंगर करण्यापेक्षा लहान डोंगर पुन्हा पुन्हा उतरणं पायांना जास्त शिकवतं.

या कसोटीवर रामटेक सगळ्यांच्या पुढे आहे. अंतर ५० किलोमीटरच्या आसपास, मनसरपर्यंत सरळ महामार्ग. पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाला घरी. गडमंदिराचा डोंगर गावापासून दीडशेक मीटर उंच आहे, एका चढाईत फार वाटणार नाही. पण अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्यांनी वर जा, खाली या, पुन्हा वर जा. तिसऱ्या फेरीला मांड्या बोलायला लागतात. इथला दगड आपल्या सीताबर्डीच्या टेकडीसारखा काळा बेसाल्ट नाही, त्याहून कितीतरी जुना रूपांतरित खडक आहे. पायऱ्याही एकसारख्या नाहीत. एक टीचभर, तर पुढची गुडघ्याला जाणवेल एवढी, आणि कडा पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या. त्यामुळे लय धरून धडाधड उतरता येत नाही. नजर दोन-तीन पायऱ्या पुढे ठेवून, लहान पावलं टाकत, टाच न आपटता उतरावं लागतं. दगडावर धावण्यातलं खरं कसब हेच, आणि रामटेक ते फुकटात शिकवतं. वरून एका अंगाला खिंडसीचं पाणी, खाली अंबाळ्याच्या काठची देवळं, पावसाळ्यानंतर लांबवर धानाची हिरवी शेतं. डोळ्यांनाही काही कमी पडत नाही.

उणिवा आहेतच. वानरं धीट आहेत, हातात केळं किंवा पिशवी दिसली की अंगावर येतात. खायचं ते पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवा. वाट भाविकांची आहे. रामनवमीला किंवा त्रिपुरी पौर्णिमेच्या गर्दीत धावायला जाऊच नये.

चिखलदऱ्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथल्या हवेच्या मोहाने लोक गल्लत करतात. ठिकाण १,१०० मीटरहून उंच आहे, गाविलगड भव्य आहे आणि पावसाळ्यातलं धुकं वेड लावणारं आहे. पण भोवती मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प आहे, जंगलातल्या पायवाटांवर मनाला येईल तसं धावता येत नाही. उरतो तो परतवाड्याकडून वर येणारा घाटरस्ता आणि पठारावरची सडक. लांब चढाचा दम कमवायचा असेल तर हा घाट उत्तम. दगडी वाटेचा सराव मात्र इथे फारसा होणार नाही. शिवाय ओल्या, शेवाळलेल्या बेसाल्टवर चांगला बूटही घसरतो.

चौरागड ही खरी परीक्षा. छिंदवाड्यावरून सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे मुक्काम आलाच. महादेवाच्या गुहेपासून वाट सुरू होते, दरीत उतरते, मग वर चढते आणि शेवटी १३०० च्या आसपास पायऱ्या. माथा समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या वर. दगड वालुकामय, कोरडा असताना बुटाला छान धरतो, पण त्यावर सुटी वाळू पसरलेली असली की वळणावर पाय सरकतो. माथ्यावर नवसाच्या त्रिशूळांची रास आणि समोर सातपुड्याच्या रांगा. विदर्भातल्या कितीतरी घरांतून महाशिवरात्रीला कुणीतरी इथे येतं, खांद्यावर भलामोठा लोखंडी त्रिशूळ घेऊन. अशा माणसाच्या मागून धावत जाऊ नका. तो वळला की त्रिशूळाची टोकं नेमकी तुमच्या डोळ्यांच्या उंचीला येतात. बाजूला उभं राहून आधी त्याला जाऊ द्यावं. श्रावणात नागद्वारच्या यात्रेलाही पचमढी अशीच भरते. धावायला नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला साधा, कामाचा वार गाठा.

मग कोणी कुठे जावं? दहा किलोमीटर सपाटीवर आरामात धावणाऱ्याने, पण दगडावर कधी न उतरलेल्याने, आधी दोन महिने रामटेक करावं, दर पंधरा दिवसांनी. तिथल्या तीन-चार फेऱ्यांनंतर दुसऱ्या दिवशी जिना सरळ उतरता येऊ लागला की चौरागडची तारीख काढा. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर चिखलदऱ्याचा घाट फक्त चढा आणि खाली गाडीने या. ज्यांना महिन्यातून एकच रविवार मोकळा मिळतो, त्यांनी पचमढीचा विचार यंदा बाजूला ठेवलेला बरा.

बूट चार-पाच मिलिमीटर खोल खाचांचे घ्या आणि पुढे अंगठाभर जागा ठेवा, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. पाणी दीड लिटर तरी हवं, उन्हाळ्यात रामटेकलासुद्धा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो आणि दुपारी तो दगड तव्यासारखा तापतो. आणि पचमढीहून परतीच्या दिवशी गाडी न धावलेल्या माणसाच्या हाती द्या, कारण ताठरलेल्या मांडीने तामियाच्या वळणांवर सारखा क्लच दाबणं जिवावर येतं.