टेक्स्टचं रिफ्लेक्शन: कोरल, फोटोशॉप की फुकटातलं इंकस्केप?

नावाखाली उलटं प्रतिबिंब आणि खाली जात विरलेलं, हे डिझाइनच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये होतं आणि पद्धतही सगळीकडे तीच, टेक्स्टची कॉपी करा, उभी पलटा, खाली लावा, फेड करा. २०१३ ला आयफोनचं आयओएस ७ आलं आणि अख्खं डिझाइन जग फ्लॅट झालं, म्हणजे सावल्या-चमक गेली आणि सगळं सपाट, पण आपल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला ते कुणी सांगितलंच नाही, त्यामुळे मागणी आहेच. ठरवताना दोनच गोष्टी बघा: सगळं फायनल झाल्यावर गिऱ्हाईक "दादा, आडनाव तेवढं बदला ना" म्हणालं तर किती कटकट होणार, आणि माल शेवटी कशावर छापणार.

कोरलमध्ये, म्हणजे कोरलड्रॉमध्ये, हात सगळ्यात पटकन चालतो. टेक्स्ट सिलेक्ट करा, कंट्रोल दाबून धरा, वरचं मधलं हँडल खाली ओढत खालच्या कडेच्या पलीकडे न्या आणि डावं बटण न सोडता राइट क्लिक मारा, मूळ टेक्स्ट जागेवर आणि उलटी कॉपी बरोब्बर खाली चिकटलेली. मग ट्रान्स्परन्सी टूल वरून खाली एकदा ओढलं की झालं. अक्षरं वेक्टरच (ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेली, कितीही मोठी करा) राहतात, म्हणजे दहा फुटी फ्लेक्सलाही कडा फाटत नाहीत. पण दोन्ही टेक्स्ट वेगवेगळे, नाव बदललं की दोनदा बदलायचं, आणि उलट्या अक्षरांत कर्सर टाकून टाइप करण्यापेक्षा कंट्रोल शिफ्ट टी दाबून एडिट बॉक्समध्येच करा. फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून ठेवली असेल आणि मूळ जपली नसेल तर मात्र रामराम, पहिल्यापासून टाइप.

फोटोशॉपमध्ये टेक्स्ट आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करा (जणू बंद डबी, कॉपी केली तरी आतला माल एकच), मग कॉपीसाठी कंट्रोल जे, मग कॉपीला फ्लिप व्हर्टिकल, लेयर मास्क (काळं तिथे लपतं, पांढरं तिथे दिसतं) आणि त्यावर काळा-पांढरा ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारा पट्टा. आता डबल क्लिक करून आत नाव बदललं आणि सेव्ह केलं की वरचं-खालचं दोन्ही बदलतं (नाव लांब झालं आणि कडेला कापलं गेलं तर आतल्या फाइलमध्ये रिव्हील ऑल करा). मागे फोटो असेल, ओली फरशी किंवा पाणी दाखवायचं असेल, थोडा ब्लर हवा असेल तर यालाच तोड नाही. जोडाक्षरं फुटत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपला जाऊन वर्ल्ड-रेडी (आपल्यासारख्या लिप्या नीट जोडणारा पर्याय) निवडा, नाहीतर रिफ्लेक्शनसुद्धा फुटलेल्या अक्षरांचंच येणार.

इंकस्केप फुकट आहे म्हणून लोक नाक मुरडतात, पण या एका कामात ते मला दोघांपेक्षा शहाणं वाटतं. ऑल्ट डी ने क्लोन, व्ही दाबलं की पलटलं, वर ग्रेडियंटचा चौकोन ठेवून मास्क सेट. मूळ टेक्स्टमध्ये काहीही टाइप करा, खालचं क्लोन त्याच क्षणी बदलतं, आणि सगळं वेक्टर. अडतं ते छपाईला, कारण काम आरजीबीत (स्क्रीनचे रंग) चालतं आणि प्रेसला सीएमवायके (छपाईच्या शाईचे रंग) हवं असेल तर रंग दुसरीकडे बदलून घ्यावे लागतात.

आता आपली खास अडचण. इंग्लिश कॅपिटल अक्षरं जवळजवळ सगळी एका रेषेवर उभी असतात म्हणून प्रतिबिंब पायाला पाय लावून येतं, आपली शिरोरेघेला टांगलेली आणि खाली उकार लोंबतात. ‘सातारा’ लिहायचं असेल तर प्रश्नच नाही, पण ‘पुणे’ पलटा, उकाराला उकार टेकतो आणि ‘णे’ खाली उकाराच्या दुप्पट फट राहते, अक्षर हवेत तरंगल्यासारखं दिसतं. उपाय म्हणजे प्रतिबिंब वर सरकवून अक्षरांचे पाय जुळवायचे, पण मग उलटा उकार वर मूळ ‘प’ वर चढतो, तो उडवायला लागतो. फोटोशॉपमध्ये पायाच्या रेषेवरचा भाग सिलेक्ट करून मास्कवर काळा भरला की गायब, इंकस्केपमध्ये मास्कचा चौकोनच त्या रेषेपासून सुरू केला की आपोआप कापला जातो, कोरलमध्ये मात्र पॉवरक्लिपचा (चौकटीत टाकून बाहेरचं लपवायचं) एक जास्तीचा खटाटोप आहे. शहरांची आणि आडनावांची कामं रोज येत असतील, कोल्हापूर-नागपूर-सोलापूर करत, तर हा फरक जाणवतो.

शाळेच्या प्रोजेक्टपुरतं हवं असेल तर पॉवरपॉइंटमध्ये टेक्स्ट इफेक्ट्समध्ये तयार रिफ्लेक्शन आहे, वापरा आणि मोकळे व्हा.

माझं म्हणाल तर फ्लेक्सचं दुकान असेल आणि कोरल आधीच असेल तर बदलू नका, सोशल मीडियाच्या पोस्ट आणि फोटो जास्त असतील तर फोटोशॉप, आणि शिकताय, खिशात पैसे नाहीत तर डोळे झाकून इंकस्केप. गाडीवरच्या रेडियम कटिंगला मात्र तिन्हींचा फेड बिनकामाचा, प्लॉटर (ब्लेडने कापणारं मशीन) फक्त कडा कापतो, तिथे प्रतिबिंब खाली जात बारीक होणाऱ्या आडव्या पट्ट्यांत कापा, लांबून फेडच वाटतो.