क्यूट स्टाइलशीट आणि टॉगल बटणाचे रूप

क्यूट (Qt) या सॉफ्टवेअर बनवण्याच्या साधनसंचात डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला टॉगल बटणासाठी, म्हणजे एकदा दाबले की चालू आणि पुन्हा दाबले की बंद होणाऱ्या बटणासाठी, वेगळा घटक शोधावा लागत नाही. साध्या पुशबटनला (नेहमीच्या दाबायच्या बटणाला) ‘सेटचेकेबल’ ही आज्ञा लावली, की ते दाबल्यावर दाबलेलेच राहते, आणि स्टाइलशीटमधील (रूप ठरवणाऱ्या नियमांच्या यादीतील) ‘चेक्ड’ म्हणजे चालू या अवस्थेला स्वतंत्र रंग व कडा देता येतात. सीएसएस (वेबपानांचे रूप ठरवणारी भाषा) जाणणाऱ्याला ही मांडणी लगेच हाताशी येते, हे तिचे मोठे बळ आहे.

मात्र नुसता पार्श्वभूमीचा रंग दिला, तर तो कधी कधी दिसतच नाही. सोबत कडेचा नियमही लिहावा लागतो, आणि तो लिहिताच बटणाचे मूळ रेखाटन सुटत असल्याने ‘होव्हर’ (माउस वर असणे), ‘प्रेस्ड’ (दाबलेले), ‘डिसेबल्ड’ (निष्क्रिय) या साऱ्या अवस्थांची जबाबदारी आपल्यावर येते. ‘होव्हर’चा नियम ‘चेक्ड’च्या खाली असेल, तर माउस वर येताच चालू बटण बंद असल्यासारखे भासते, दोन्ही अवस्था जोडून एक नियम लिहिणे हाच त्यावरचा खरा उपाय. रंग हळूहळू बदलण्याची सोय जीटीके या अशाच दुसऱ्या साधनसंचाच्या सीएसएसमध्ये आहे, इथे नाही, ही उणीव जाणवते. चालू अवस्था केवळ रंगाने दाखवू नये, तिला जाड कडा किंवा वेगळे चिन्हही द्यावे, असा माझा आग्रह आहे, कारण रंगांतील फरक प्रत्येकाला दिसतोच असे नाही.